रॅगवर्मची जात ओळखायची कशी?

प्रश्न : सर, रत्नागिरीजवळच्या खाडीत ओहोटीला चिखल उकरला की गळाला लावतात ते लांबट, दोन्ही बाजूंनी झालरीसारखे पाय असलेले किडे सापडतात. फोटोवरून जात सांगाल का?

उत्तर : हे रॅगवर्म. फोटोवरून कुळ सांगतो, नेरीडिडी. डोक्यावर चार डोळे, दोन छोट्या मिशा, दोन जाड पाल्प (तोंडाजवळचे चाचपणारे अवयव) आणि मागे स्पर्शिकांच्या जोड्या, बहुतेकांत चार, हे दिसतंय. पण जातीसाठी नमुनाच हातात पाहिजे. रंगावर जाऊच नका, अल्कोहोलमध्ये तो उडून जातो.

खरी गंमत घशात आहे. हा घसा मोजा उलटा करावा तसा बाहेर येतो, त्यावर दोन काळे जबडे आणि बारीक दाते असतात, त्यांना पॅराग्नाथ म्हणतात, आणि ते कुठल्या भागात कसे आहेत यावरच बरंचसं ठरतं. घशाचे आठ भाग धरतात. सहाव्या भागावर शंकूसारखे दाते न दिसता आडव्या पट्ट्या दिसल्या तर पेरिनेरिस या वंशाचा (जीनसचा) संशय घ्या.

म्हणून किडा थेट फॉर्मलिनमध्ये टाकू नका हो, आकसतो आणि घसा आतच राहतो! आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात सुस्त होऊ द्या, मग १० टक्के फॉर्मलिन, नंतर ७० टक्के अल्कोहोल. तरी घसा आत राहिला तर खालून चीर देऊन बघतात. डीएनए करायचा असेल तर शेपटीचा तुकडा आधीच कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, फॉर्मलिननंतर फार अवघड जातं. आणि मोठ्या डोळ्यांचा, वल्ह्यांसारख्या पायांचा सापडला तर लगेच नवी जात समजू नका, विणीच्या काळात बऱ्याच जातींचं रूपच बदलतं.