आठ कॅमेऱ्यांसाठी राखीव निधी मोडावा का?

तुम्ही लिहिता की शेजारी रात्री घरफोडी झाल्यापासून झोप लागत नाही. विक्रेत्याने आठ फोर-के (म्हणजे 8 मेगापिक्सेलचे) कॅमेरे आणि प्रत्येकाचं मासिक क्लाउड सबस्क्रिप्शन, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवरून कंपनीकडे साठवायची वर्गणी, असा संच सुचवलाय, आणि त्यासाठी अडीनडीच्या निधीतला तिसरा हिस्सा काढायचा तुमचा विचार आहे.

निधीला हात लावू नका. तुमची भीती खरी आहे, घरात लहान मुलं असताना ती वाटणारच. पण कॅमेरा चोर दाखवतो, गेलेलं भरून देत नाही. ते काम घरफोडीच्या विम्याचं. तो नसेल तर आधी त्याचा हप्ता भरा, मग कॅमेरे.

आणि आठ कशाला? तुमच्याच पत्रात घरात शिरायच्या वाटा तीन आहेत: पुढचं दार, मागचं दार, गॅलरी. तीनच घ्या, पण चांगले घ्या. रात्रीचं चित्र नुसत्या मेगापिक्सेलवर ठरत नाही. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, किती मोठा आणि लेन्स किती प्रकाश आत घेते, यावर ठरतं. 1/2.8 इंचाच्या सेन्सरवर 8 मेगापिक्सेल कोंबले की एकेका पिक्सेलच्या, म्हणजे चित्राच्या ठिपक्याच्या, वाट्याला प्रकाश कमी येतो. त्याहून मोठा 1/1.8 इंचाचा सेन्सर आणि एफ/1.0 च्या आसपासची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) असलेला 4 मेगापिक्सेलचा कॅमेरा अंधारात सहसा उजवा ठरतो. जास्तीचे पैसे मोजायचे तर इथे मोजा.

घेण्याआधी रात्री चालत येणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग मागा आणि मधेच थांबवून बघा. रिकामं अंगण बहुतेक कॅमेरे छान दाखवतात. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे चालत्या माणसाचा चेहरा ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखा फरपटतो. नाकडोळे कळत नसतील तर तो कॅमेरा नको. अंतरही बघा: चेहरा ओळखायला दृश्याच्या रुंदीत मीटरमागे साधारण 250 पिक्सेल लागतात. 4 मेगापिक्सेलच्या 2560 पिक्सेल रुंद चित्रात 2.8 मिमीच्या, रुंद दृश्य दाखवणाऱ्या लेन्सने ते जेमतेम चार मीटरपर्यंत मिळतात. म्हणून कॅमेरा छपरावर उंच नको, दाराजवळ हवा.

खरी गळती सबस्क्रिप्शनची. आठ कॅमेरे, पाच वर्षं, म्हणजे 480 मासिक शुल्कं! त्याऐवजी घरातच रेकॉर्डर ठेवा. सेकंदाला 4 मेगाबिट (4 एमबीपीएस) वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी भरतो; रेकॉर्डरमधल्या 2 टीबीच्या हार्ड डिस्कवर तिघांचं पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग बसतं, आणि तिचा खर्च एकदाच. चोर रेकॉर्डरच उचलून नेईल ही तुमची शंका रास्त आहे. तो आतल्या कपाटात ठेवा आणि क्लाउड फक्त पुढच्या दाराच्या कॅमेऱ्याला घ्या. वीज गेली तरी चालू राहावं म्हणून रेकॉर्डर आणि राउटरला छोटा यूपीएस हवाच.

एक बिनखर्चाचं काम. माझ्या दारावरच्या कॅमेऱ्यापुढे कोळ्याने जाळं विणलं होतं. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, उजेडात रात्रभर तेच पांढरंफटक दिसत होतं, मागचं अंगण काळंकुट्ट. आता दर पंधरवड्याला मी तिथून कुंचा फिरवतो.

पुढच्या दाराचा कॅमेरा या महिन्याच्या शिलकीतून घ्या. उरलेले दोन पुढच्या दोन महिन्यांत, एकेक करून.