टाळ नगरला राहिले, मावशी पुण्यात आल्या

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. माझं वय ६४. सगळं आयुष्य नगरला गेलं (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). मिस्टर दीड वर्षापूर्वी प्रभूकडे गेले आणि मुलाने मला पुण्याला आणलं. सून चांगली आहे, नातू तर जीव की प्राण, तक्रार काही नाही. पण रविवार उजाडला की पोटात गोळा येतो. मुलाच्या चर्चमध्ये ड्रम, गिटार, समोर स्क्रीनवर शब्द, अर्धी गाणी हिंदी-इंग्लिश. उपासना संगीताचं पुस्तक कुणाच्या हातात नाही. आमच्याकडे पेटी-तबला-टाळ असायचे आणि भजनाची पहिली ओळ मी उचलायचे, तीस वर्षं. इथे मी नुसती उभी असते. मुलाला बोलले तर म्हणतो आई, चेंज अॅक्सेप्ट कर, विश्वास आहे ना तुझा? तेव्हापासून वाटतंय माझाच विश्वास कमी पडतोय का?
– एक मावशी, पुणे

उत्तर : मावशी, जय ख्रिस्त. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले, 'पहिली ओळ मी उचलायचे'. मला नाही वाटत तुमचं भांडण ड्रमशी आहे. नगरला तुम्ही नाही आलात तर भजन सुरू व्हायला पाच मिनिटं उशीर होत असेल, कुणीतरी मागे वळून दाराकडे बघत असेल. पुण्यात तुम्ही नाही गेलात तर घरच्यांशिवाय कुणाला कळणारही नाही, खरं दुखतंय ते हे. त्यात मिस्टर गेले, घर सुटलं, आणि सगळे म्हणतात नातवंडांत रमा. रमतं की माणूस, पण म्हणून आधीचं सगळं पुसलं जातं का?

विश्वास कमी पडतोय हे तर डोक्यातून काढूनच टाका. पवित्र शास्त्रातलं रूथचं पुस्तक आपण नेहमी सुनेच्या, म्हणजे रूथच्या, कौतुकासाठी वाचतो, सासूकडे, नामीकडे, कुणी बघतच नाही. नामी नवरा आणि दोन मुलं गमावून बेथलेहेमला परत येते आणि गावातल्या बायांना तोंडावर सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. पुढे अख्ख्या पुस्तकात तिला कुणी रागावलेलं नाही की बाई तुझा विश्वास कुठे गेला. आणि १३७ वं स्तोत्र बघा, बाबेलला कैद करून नेलेले लोक नदीकाठी वीणा टांगून ठेवतात आणि विचारतात, परक्या देशात परमेश्वराचं गीत गायचं तरी कसं? तुमचाच प्रश्न की हो, आणि तो पवित्र शास्त्रातच छापलेला आहे.

आता थोडं तुम्हाला न आवडणारं. ज्याला आपण 'आपलं जुनं' म्हणतो ते एकेकाळी नवंच होतं. सुरुवातीला मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बरीचशी गाणी मिशनऱ्यांनी इंग्रजीवरून आणलेली, चालीही तिकडच्याच. १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, ते म्हणायचे मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांनी अभंग, ओव्या, कीर्तन असं सगळं भक्तीत रुजवलं. तेव्हाही एखादी मावशी मागच्या बाकावर बसून म्हणाली असेल, हे काय देवळातल्यासारखं! (हे माझं कल्पनेतलं हं, पण मंडळीत वाढलेय म्हणून सांगते, म्हणालीच असणार.) तीच गाणी आज तुमच्या डोळ्यात पाणी आणतात. पवित्र शास्त्रातलं इब्री १३:८ सांगून काही जण वाद घालतात की येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे म्हणून काही बदलू नका. अहो तो सारखा आहे, तबला सारखा राहील असं कुठे लिहिलंय?

आणि तुमच्या मुलालाही हे वाचून दाखवा, कारण 'चेंज अॅक्सेप्ट कर' हे दोन सेकंदात बोलून होतं. याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट त्याला सांगा. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या कोसळल्याच, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या तरी सोवळं आणि स्वयंपाक वेगळाच. ते हळूहळू सुटलं, आतून पटत गेलं तसं, आणि त्यानंतरच त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक १९१९ मध्ये गेले. उतारवयात त्या मुलाबरोबर थेट कराचीला गेल्या, पुणे-नगर तर एसटीने तीन-चार तास! त्या हात बांधून बसल्या नाहीत, टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, म्हणजे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य, त्यांनी पुरं केलं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, गाव बदललं तरी जुनं काम त्यांनी सोडलं नाही.

तर तुम्ही काय करायचं? रविवारच्या भक्तीत लगेच बदल मागू नका, उगाच 'नगरच्या मावशी' म्हणून शिक्का बसेल. आधी घरी प्रार्थनासभा ठेवा, आठवड्यात एक दिवस, चहा-पोह्यांवर, चार बायका पुरे. पुण्यातल्या कुठल्याही चर्चमध्ये नगर, जालना, सोलापूरकडच्या बायका असतातच, तुमच्यासारख्याच गप्प उभ्या, त्या शोधा. टाळ नगरहून मागवून घ्या. नातू गिटार शिकत असेल किंवा शिकणार असेल तर त्याला एक भजन शिकवा, चाल तुमची, वाजवणं त्याचं, आणि वाजवताना तो एखादी कॉर्ड भलतीच घालेल तेव्हा तोंड वाकडं करू नका. महिन्या-दोन महिन्यांनी पाळकसाहेबांना सांगा की आमच्या घरी एक गाणं बसलंय, एखाद्या रविवारी म्हणू का. नाही म्हणाले तर परत विचारा. आणि तोवर स्क्रीनवरचं एक तरी गाणं पाठ करा, नातवालाच विचारा कुठलं, म्हणजे त्यालाही कळेल आजी नुसती रुसलेली नाही.

मिस्टरांची आठवण येऊन भजनात रडू आलं तर येऊ द्या, गाणं दुसरं कुणीतरी पुढे नेईल.

पहिली सभा झाली की दोन ओळी लिहा, कुठलं भजन घेतलंत आणि पट्टी कुठली धरलीत तेही. इतकी वर्षं काळी चार असेल तर आता एक पट्टी खाली घ्या, गळ्याला बरं पडतं.