जुन्या पल्सरवर पंधरा हजार: कुठे घालायचे आणि कुठे नाही

तुम्ही लिहिलंय की २०१६ ची पल्सर १५० सेकंडहँड घेतली आहे, रोज पुण्यात ऑफिसला आणि सणासुदीला ताम्हिणी घाटातून माणगावकडे जाता, हाताशी पंधरा हजार आहेत. आणि यादीत सायलेन्सर, एलईडी हेडलाइट, मागे जाड टायर आणि ‘जमलं तर सर्व्हिसिंग’ आहे. माझ्या मते यादी उलटी धरा. माझ्याकडेही कार्ब्युरेटरवालीच पल्सर आहे आणि घाटही तोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात टायरपासून. सेकंडहँड गाडीचा टायर नुसत्या नक्षीवरून पास करू नका. टायरच्या एका बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ते २३१९ असतील तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. बाजूला बारीक भेगा असतील तर विचारही नको, बदला. मागचा कंपनीच्याच मापाचा, म्हणजे १००/९०-१७ चा घ्या. जाड टायरचा मोह मला समजतो, मागून गाडी भारी दिसते. पण रिम तीच राहते, त्यामुळे टायर कडेने चिमटल्यासारखा बसतो, वळणावर गाडी झुकवायला जड जाते आणि पिकअप-मायलेज दोन्ही उतरतं. पंधरा हॉर्सपॉवरच्या गाडीला त्याची गरजही नाही. चांगल्या कंपनीचा टायर दोन-अडीच हजारांत बसतो. नायट्रोजन भरू का, असंही विचारलंय. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. त्यापेक्षा आठवड्याला थंड टायरमध्ये प्रेशर बघा.

मग चेन. गाडी डबल स्टँडला लावा, न्यूट्रलला मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा आणि चेन खालून बोटाने उचलून बघा. एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ लागली तर ती असमान ताणली गेलीये. दुसरी खूण मागच्या चक्रावर, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी स्प्रॉकेटवर दिसते. चेन अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. दाता निम्मा उघडा पडला की चेनसेट संपला. अशा वेळी ‘एक कडी काढून देतो, अजून वर्षभर चालेल’ म्हणणारा मेकॅनिक भेटतोच. त्याचं ऐकू नका, आणि नुसती चेन नवी टाकणाऱ्याचंही नको. झिजलेले दाते नवी चेन काही महिन्यांत खातात. चेन आणि दोन्ही चक्रं एकदम बदलायची. नंतर दर पाचशे किलोमीटरला रॉकेलने पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल, पावसात त्याहून लवकर. चेनच्या कड्यांत ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी असतील तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका.

ताम्हिणी उतरताय म्हणून ब्रेककडे बघा. पुढच्या डिस्कचे पॅड स्वस्त असतात, ते सगळेच बदलतात. ब्रेक ऑइल मात्र कोणी बदलत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि लांब उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन लिव्हर मऊ पडतो. दोन वर्षांत एकदा बदलायचं. डॉट ३ की डॉट ४ ते डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. पुढच्या फोर्कच्या (शॉकअपच्या) दांड्यावर तेलाचा ओघळ दिसतोय का, तेही बघा. ऑइल सील गेलं असेल तर ते तेल खाली उतरून डिस्कवर येऊ शकतं. आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग: डबल स्टँडला कोणाला तरी मागे दाबून बसवा, पुढचं चाक उचललं की हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. खड्ड्यांच्या शहरात चाललेल्या गाडीत तो गेलेला असायचाच.

इंजिनचं थोडक्यात. ऑइल २०डब्ल्यू-५० आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या तेलाचं मानक) लिहिलेलं. कारचं ऑइल नको, या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. एअर फिल्टर ओरिजिनल टाका. प्लग दोन आहेत, दोन्ही बदला, साधे चालतात. इरिडियमचे टिकतात जास्त, पण त्याने ताकद वाढत नाही. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही या इंजिनला फुकट.

आता तुमचे लाडके विषय. सायलेन्सरने आवाज वाढतो, वेग नाही. उलट कार्ब्युरेटरचं जेटिंग (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे जेट) न बदलता बसवला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट करतो. पुणे-नागपूरच्या पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवलेत, ते फोटो तुम्ही पाहिले असतीलच. आवाजाची हौस असेल तर माझी हरकत नाही, पण पैसे दंडाच्या चलानात जातील. जाता जाता: आधीच्या मालकाने साडीगार्ड काढलं असेल तर परत बसवा. मागच्या चाकाला आच्छादन नियमानेच लागतं, आणि ओढणी अडकण्याची भीती खरी आहे.

हेडलाइटचं दुखणं बहुतेक वेळा बल्बचं नसतंच. काच पिवळी पडलेली, रिफ्लेक्टर काळवंडलेला, अर्थिंग सैल, फोकस वर गेलेला. आधी हे नीट करा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी खुपसला की उजेड पसरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि ताम्हिणीच्या धुक्यात पांढरी भिंतच उभी राहते. शंभर वॅटचा बल्ब तर मुळीच नको, ३५ वॅटच्या वायरिंगवर होल्डर वितळतो.

एवढं सगळं करूनही, मजुरी धरून, पंधरा हजार संपणार नाहीत. आधी आयएसआयचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घ्या, तुमच्या यादीत ते दिसलं नाही. गॅरेजवाल्याला गाडी देतानाच सांगा की काढलेले सगळे पार्ट परत हवेत. चांगला मेकॅनिक यावर चिडत नाही. आणि क्लचची एक जास्तीची वायर घेऊन जुन्या वायरच्या बाजूनेच टाकीखालून ओवून ठेवायला सांगा. मुळशी सोडलं की निजामपूरपर्यंत गॅरेज शोधत बसावं लागतं, तिथे फक्त दोन टोकं जोडायची राहतात.