‘तीस ओळींच्या स्क्रिप्टने दोन दिवस खाल्ले. मी प्रोग्रॅमर होऊ शकेन का?’

प्रश्न : मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तालुक्याच्या गावी बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. जून-जुलैत शाळांच्या ओळखपत्रांचं काम येतं. या वर्षी एका शाळेच्या यादीत 419 मुलं होती आणि फोटो निघाले 412. प्रत्येक फोटोच्या फाइलला मुलाचा रजिस्टर नंबर द्यायचा असतो. बाबा ते हाताने करतात, दोन रात्री जातात. मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली, अर्धी एआयला विचारून. पहिला फोटो बरोबर आला म्हणून कार्डं छापून दिली. शाळेतून गठ्ठा परत आला. मुलांच्या नावांवर मुलींचे फोटो! छपाईचा खर्च अंगावर पडला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. चूक शोधायला दोन दिवस लागले. क्रम दुरुस्त केल्यावर सुरुवातीचे फोटो नीट आले, पण पुढे पुन्हा घोळ आहे. एआयने हे का सांगितलं नाही? वर्गातली मुलं डीएसएचे (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचे) प्रश्न सोडवतात आणि म्हणतात, फायलींची नावं बदलणं म्हणजे काही प्रोग्रॅमिंग नव्हे. आई म्हणते बँकेच्या परीक्षा दे. बाबा एका 80 हजारांच्या क्लासची चौकशी करतायत, तिथे नोकरीची हमी आहे. एररची लाल अक्षरं दिसली की हातपाय गळतात. मला खरंच हे जमेल का? (नाव छापू नये.)

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘बाबा एक शब्द बोलले नाहीत’ या वाक्यापाशी थांबले. तुला काय वाटत असेल ते कळतं. म्हणून करिअरचं नंतर, आधी तुझी स्क्रिप्ट बघू. ती सुटल्याशिवाय तुझा प्रश्न सुटणार नाही.

तुझ्या फायली 1, 2, 3 अशा नावांच्या असणार. विंडोजच्या फोल्डरमध्ये त्या 1, 2, 3 अशाच क्रमाने दिसतात, कारण आपल्या सोयीसाठी विंडोज नावातले आकडे आकडे म्हणून वाचतं. पायथॉनचं सॉर्ट तसं करत नाही. त्याच्या दृष्टीने ती अक्षरं आहेत, त्यामुळे शब्दकोशासारखा क्रम लागतो : 1, मग 10, मग 100, 101 असं पुढे, आणि अगदी शेवटी 99. पहिल्या जागेवर 1 च येतो. तू नेमका तोच तपासलास. दुसरा उघडला असतास तर तिथे दहावा फोटो दिसला असता. ही चूक तू शोधलीस, नावातला आकडा संख्येत बदलून सॉर्ट केलंस. इथपर्यंत बरोबर.

आता उरलेला घोळ. यादीत 419 आणि फोटो 412, म्हणजे सात मुलं त्या दिवशी शाळेत नव्हती. समज, यादीतला 37 वा मुलगा गैरहजर होता. तुझी स्क्रिप्ट 37 वा फोटो उचलून त्याच्या नावावर लावते, पण तो फोटो 38 व्याचा असतो. तिथून पुढे सगळे एका घराने सरकतात, दुसरा गैरहजर आला की दोन घरांनी, आणि शेवटी सात घरांनी. पत्रावरून वाटतं की तू दोन्ही याद्या ‘झिप’ने, म्हणजे क्रमाने जोड्या लावणाऱ्या पायथॉनच्या आज्ञेने, जोडल्यास. झिपचा स्वभाव असा, की एक यादी संपली की ते गुपचूप थांबतं. सात नावं उरली, तरी लाल अक्षरात काही आलं नाही. पायथॉन 3.10 पासून झिपला ‘स्ट्रिक्ट’ असं सांगता येतं. मग याद्यांची लांबी जुळली नाही तर ते एरर देतं. ती सवय लावून घे.

पण खरी दुरुस्ती कोडमध्ये नाही, ती शाळेच्या व्हरांड्यात आहे. दोन याद्या क्रमाच्या भरवशावर जोडायच्याच नाहीत, दोन्हींत असलेल्या खुणेवर जोडायच्या. फोटो काढताना बाबांच्या शेजारी यादी घेऊन कुणीतरी बसावं, प्रत्येक नावासमोर कॅमेऱ्यातल्या फोटोचा नंबर लिहावा, गैरहजर असेल तिथे रेघ मारावी. हा एक कॉलम मिळाला की स्क्रिप्टला अंदाज करावा लागत नाही. डेटाबेसच्या पेपरात तुम्हाला ‘प्रायमरी की’ची व्याख्या पाठ करायला लावतात ना, ती ही. तुला ती छपाईचा खर्च सोसून कळली, म्हणून आता विसरणार नाहीस.

एआयने हे का सांगितलं नाही, असंही तू विचारलंयस. कारण त्याला सात मुलं गैरहजर होती हे माहीतच नव्हतं. ते तुला माहीत होतं, निदान यादी मोजली असती तर कळलं असतं. एआयकडून कोड जरूर घे, पण त्यातली प्रत्येक ओळ काय करते हे बाबांना मराठीत सांगता आलं पाहिजे. जी ओळ सांगता येत नाही, ती तुझी नाही.

तुझ्या मित्रांच्या बोलण्याबद्दल आता सांगते. मी समुपदेशनाकडे वळण्याआधी काही वर्षं एका कंपनीत सपोर्टचं काम केलं. जुन्या फायली पुसणारी एक छोटी स्क्रिप्ट मी चुकीच्या फोल्डरवर चालवली आणि एका विभागाचं दोन दिवसांचं काम गेलं. बॅकअप होता म्हणून बरंच परत मिळालं, सगळं नाही. तेव्हापासून मी कुणालाही ‘किरकोळ स्क्रिप्ट’ म्हणू देत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण आठवडाभर अधिकृत आकड्यांत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींत भरला जात होता, आणि त्या प्रकारात एका शीटवर 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरचं सगळं गळून गेलं. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत निरोप गेले नाहीत. तिथे चुकलं ते अवघड अल्गोरिदममुळे नव्हे, तुझ्या झिपसारखंच काहीतरी गुपचूप थांबलं होतं.

शाळेच्या याद्यांत असे सापळे भरपूर आहेत, आणि पुढच्या जूनला ते तुझ्या वाट्याला येणारच. राज्याच्या शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन नोंदणीतला विद्यार्थी आयडी 19 अंकी असतो. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक नीट धरतं, पुढच्या चारांच्या जागी शून्यं घालून मोकळं होतं. मग एका वर्गातली कितीतरी मुलं एकाच आयडीची दिसू लागतात, आणि सेव्ह केल्यावर मूळ अंक परत येत नाहीत. आधार क्रमांक बारा अंकी, तो निदान जातो तरी नाही, फक्त ‘ई प्लस 11’ असा विचित्र दिसतो. उपाय एकच : असे कॉलम भरण्याआधी ‘टेक्स्ट’ करायचे, आणि पायथॉनमध्येही ते संख्या म्हणून वाचायचे नाहीत. ज्या आकड्यांची आपण बेरीज करणार नाही, तो आकडा नव्हे, ते नाव आहे.

मराठी नावांचं दुखणं वेगळं. स्क्रिप्टने लिहिलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी) फाइल एक्सेलमध्ये उघडली की ‘सावंत’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि एक्सेल ते तीन तुकडे सुटे वाचतं. लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ दिलंस की फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेल नीट वाचतं. पण एखाद्या शाळेने यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिली असेल, तर हा उपाय लागू पडणार नाही. तिथे अक्षरं मुळात देवनागरी नसतातच, फॉन्ट त्यांना तसं रूप देतो. ती यादी आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रमाण संकेतांत, आणावी लागते. हे ओळखायचं कसं? फॉन्ट बदलून बघ. नावं गायब होऊन रोमन अक्षरं उरली, तर समजून जा.

‘लाल अक्षरं दिसली की हातपाय गळतात,’ असंही पत्राच्या शेवटी लिहिलंयस. एरर खालून वाचायची. शेवटची ओळ काय झालं ते सांगते, तिच्या वरची कुठे झालं ते. विंडोजवर नवशिक्यांना हमखास भेटणारी ‘युनिकोड-एस्केप’ची एरर घे. फाइलचा पत्ता ‘सी ड्राइव्ह, बॅकस्लॅश, यूजर्स’ असा सुरू होतो, आणि बॅकस्लॅशनंतर मोठा ‘यू’ आला की पायथॉनला वाटतं की आता एखाद्या अक्षराचा युनिकोड संकेत येणार. अवतरणचिन्हाच्या आधी नुसता ‘आर’ लिहिला की काम होतं. मुलं यावर दुपार घालवतात, कारण एरर न वाचता कोडच्या ओळी वरखाली करत बसतात.

आता काही गोष्टी मात्र मी तुला सांगत नाही, बजावते. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. नाव बदलण्याऐवजी नव्या नावाने दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायची. विंडोजवर नाव बदलताना त्याच नावाची फाइल आधीच असेल तर पायथॉन अडतं, पण लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तीच आज्ञा आधीची फाइल काही न विचारता पुसून टाकते. आज विंडोजवर वाचलीस, उद्या नोकरीत सर्व्हर लिनक्सचाच असेल. दुसरं म्हणजे, पहिल्यांदा स्क्रिप्टने काहीही बदलायचं नाही, फक्त ‘हा फोटो, हे नाव’ असं छापून दाखवायचं. त्यातले पहिले, शेवटचे आणि मधले पाच-सहा बाबांना दाखव. गावातली निम्मी मुलं ते चेहऱ्याने ओळखतात, त्यांच्याहून चांगला टेस्टर तुला मिळणार नाही.

तर, जमेल का? जमेल. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. चूक कळल्यावर जुना कोड फेकून न देता दोन दिवस त्याच्यापाशी बसलीस, आणि अर्धा घोळ अजून बाकी आहे हे पत्रात कबूल केलंस. हा गुण शिकवून येत नाही. ऑटोमेशन टेस्टिंग, प्रॉडक्शन सपोर्ट, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, डेव्हऑप्स, डेटा इंजिनिअरिंग, या सगळ्या कामांत दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने दिलेला अस्ताव्यस्त डेटा सरळ करण्यात जातो. बी.एस्सी.च्या मुलांना सुरुवातीला याच दारांतून आत जाता येतं.

मित्रांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. कॅम्पसच्या परीक्षेत अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगचे प्रश्न असतात, तिथे स्टुडिओची स्क्रिप्ट कुणी विचारत नाही. तेव्हा डीएसए सोडू नकोस. रोज एक प्रश्न, तासभर, न जमल्यास उत्तर वाचून दुसऱ्या दिवशी पुन्हा. उरलेल्या वेळात तुझ्या स्क्रिप्ट. पुढच्या फेरीत, मुलाखतीत, ‘तू स्वतः काय केलंस?’ असं विचारलं की बहुतेक मुलं इंटरनेटवरून घेतलेला प्रोजेक्ट सांगतात. तू 412 फोटोंची गोष्ट सांग, चुकीसकट. गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर ती स्क्रिप्ट ठेव, पण शाळेची खरी यादी किंवा फोटो चुकूनही टाकू नकोस. लहान मुलांची माहिती आहे ती, आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांबाबत जास्तच कडक आहे. खोटी नावं घालून वीस ओळींची यादी बनव.

बाबांना सांग, क्लासचे पैसे आत्ता भरू नका. नोकरीची हमी म्हणजे नेमकं काय हे ते लेखी देतात का, आणि गेल्या वर्षीच्या दोन मुलांशी बोलू देतात का, एवढं विचारा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिनक्स, बॅश, पायथॉनचे धडे मोफत आहेत, मराठी आवाजातही मिळतात. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथॉनमधून अल्गोरिदम शिकवणारा कोर्स आहे, तो इंग्रजीत असला तरी तुझ्या मित्रांच्या डीएसएला पुरून उरेल. हे दोन संपल्यावरही क्लासची गरज वाटली तर मला पुन्हा लिही.

आईचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त घाईचं आहे. बँकेची क्लार्कची परीक्षा पदवीनंतर, वयाच्या 28 पर्यंत देता येते. तो दरवाजा उघडा आहे. दुसऱ्या वर्षात त्यासाठी हे सोडायची गरज नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एक कर. वीस खोट्या मुलांची यादी बनव, त्यातली तीन गैरहजर ठेव, एका मुलाचे दोन फोटो घाल, एका फोटोचा नंबर मुद्दाम चुकव. मग स्क्रिप्ट चालव. या सहाच्या सहा गोष्टी तिने नावानिशी तुला सांगितल्या पाहिजेत : तीन गैरहजर, एक दुबार, एक नसलेला फोटो, आणि नंबर चुकल्यामुळे मालकाशिवाय उरलेला एक. पाचच सांगितल्या तर सहावी का सुटली, ते मला कळव.