वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कर्जाच्या, प्लॉटच्या फोनांनी जीव नकोसा झालाय. काय करावं? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : त्याच सिमवरून १९०९ला मेसेज करा: इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, एक जागा सोडून शून्य. जाहिरातींचे फोन-मेसेज थांबतात; ओटीपी बंद होत नाहीत, घाबरू नका. साध्या दहा आकडी नंबरांवरून मात्र त्रास सुरूच राहील. त्यांची तक्रारही १९०९लाच. शिवाय सेटिंग्ज, ॲप्स, परमिशन्स इथं जाऊन टॉर्चसारख्या ॲपची कॉन्टॅक्ट्सची परवानगी काढा. टॉर्चला तुमचे पाहुणे कशाला हवेत? आधीच गेलेली नंबरांची यादी मात्र ॲप काढून परत येत नाही.

प्रश्न : पिठल्यात गुठळ्या होतात. (मिरज)

उत्तर : उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पडलं की वरचा थर लगेच शिजतो, आत कोरडंच राहतं. वाटीभर बेसन तीन वाट्या गार पाण्यात कालवून मगच फोडणीत ओता, ढवळत राहा.