बोर्ड गेमचे परीक्षण लिहिताना त्यातले साहित्य कसे पारखावे?

आपण साताऱ्याचे आहात, वर्षभरात चार-पाच आधुनिक बोर्ड गेम घेतले आहेत आणि त्यांची परीक्षणे मराठीत लिहू इच्छिता. इंग्रजी परीक्षणांत पुठ्ठ्याची जाडी आणि प्लास्टिकच्या बाहुल्यांची सुबकता यांचेच कौतुक असते, तर साहित्याची पारख नेमकी कशी करावी आणि किती डाव झाल्यावर लिहावे, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर छोटे आहे. निदान चार डाव व्हावेत आणि त्यांतला एक तरी वेगळ्या भिडूसंख्येने व्हावा. 'अझुल' या रंगीत तुकडे गोळा करण्याच्या खेळात दोघे खेळत असतील तर मध्ये तुकडे ठेवायच्या पाच चकत्या मांडतात, चौघे असतील तर नऊ. त्यामुळे दोघांच्या डावात समोरच्याला नको ते तुकडे घ्यायला लावण्याचे डावपेच रंगतात, तर चौघांच्या डावात आपली पाळी येईपर्यंत मांडणी इतकी बदललेली असते की ते बेत फारसे टिकत नाहीत. किती डाव खेळलो, किती जणांनी खेळलो आणि खेळ विकत घेतला की भेट मिळाला, हे सुरुवातीलाच सांगून टाकावे.

आता साहित्याविषयी. मी सांगलीत छापखान्यात काम करतो, त्यामुळे नवा खोका उघडल्यावर माझा हात आधी पत्त्यांकडे जातो, आणि तरीही माझे म्हणणे असे आहे की जाडी ही शेवटी पाहायची गोष्ट आहे. आधी पाहावे ते हे, की ही वस्तू खेळात कोणते काम करते आणि ते काम आपल्या घरात, आपल्या माणसांच्या हातात, दहाव्या डावालाही तितकेच नीट करते की नाही. सांगली हे बुद्धिबळाचे गाव असल्याने इथे हे लवकर पटते. स्पर्धेत वापरतात तो स्टाँटन घाटाचा संच 1849 साली बाजारात आला आणि अजून टिकून आहे, कारण घोडा कुठला आणि उंट कुठला हे पटाच्या कोणत्याही बाजूने क्षणात कळते. त्याहून नक्षीदार संच पुष्कळ झाले. ते काचेच्या कपाटात शोभतात.

काम करणारे साहित्य म्हणजे काय, याचे माझे आवडते उदाहरण 'कॅटान'मधले आहे. क्लाउस टॉयबर यांच्या या 1995 सालच्या जर्मन खेळात 19 षटकोनी तुकड्यांचे बेट मांडतात, वाळवंट सोडून बाकीच्या 18 तुकड्यांवर आकड्यांची एकेक गोल चकती ठेवतात आणि दोन फाशांची बेरीज जिथे जुळेल तिथला माल त्या तुकड्याशेजारी वस्ती असलेल्यांना मिळतो. आजच्या आवृत्तीत त्या चकतीवर आकड्याखाली बारीक ठिपके असतात. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी सहा पडण्याच्या पाच, म्हणून सहाखाली पाच ठिपके. बारा पडण्याची एकच, म्हणून बाराखाली एक. आणि सहा व आठ हे दोन आकडे लाल. माझ्या पुतणीने शाळेत संभाव्यतेचा धडा शिकण्याच्या दोन वर्षे आधी 'पाच ठिपक्यांशेजारी घर बांधायचे' एवढे ओळखले होते. त्या चकतीचा पुठ्ठा साधा आहे आणि परीक्षणात तिच्याबद्दल कुणी चार शब्द लिहीत नाही, पण अर्धी नियमपुस्तिका ती एकटी वाचून दाखवते.

दुसरी कसोटी लपवाछपवीची. जिथे काही झाकून ठेवायचे किंवा न बघता काढायचे असते, तिथे साहित्यातला बारीक दोषही खेळ बिघडवतो. 'अझुल'मध्ये पाच रंगांचे प्रत्येकी 20, असे 100 चौकोनी तुकडे पिशवीत हात घालून काढतात. ते पुठ्ठ्याचे असते तर कडा झिजून बोटांना ओळखू आले असते, म्हणून त्यांचा घट्ट, गुळगुळीत घाट ही चैन नसून गरज आहे. तुकड्याला तुकडा जोडून नकाशा तयार करण्याच्या 'कार्कासोन'सारख्या खेळात 72 पैकी सुरुवातीचा एक सोडून बाकीचे तुकडे पालथे ठेवून उचलतात. अशा कुठल्याही खेळाची पुरवणी, म्हणजे जादा तुकड्यांचा वेगळा संच, नंतर घेतली आणि ती वेगळ्या खेपेत छापलेली असली, तर पाठीच्या रंगाची छटा बदललेली असू शकते, आणि मग कोणता तुकडा पुरवणीतला हे पालथा असतानाच कळते. छापखान्यात एकाच कामाच्या दोन खेपांची शाई तंतोतंत जुळवणे किती कठीण असते हे मला ठाऊक आहे, पण म्हणून परीक्षणात ते लपवू नये. पत्त्यांचेही तसेच. पाठीवरची चौकट एका बाजूला सरकलेली असेल तर तो पत्ता खुणेचाच झाला. एक पत्ता ट्यूबलाइटसमोर धरून पाहावा. पलीकडचे चित्र आरपार दिसत असेल तर कागदाच्या मधला अपारदर्शक थर वाचवलेला आहे असे समजावे. आणि पत्त्यावर कापडासारखा बारीक पोत उठवलेला असेल तर त्याला केवळ शोभा समजू नये, कारण त्या खळग्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांना न चिकटता पिसता येतात.

पावसाळ्याचा उल्लेख तुमच्या परीक्षणात असायलाच हवा, साताऱ्यात तर अधिकच. कागद दमट हवेतले पाणी शोषून फुगतो. एकाच बाजूला लॅमिनेशन असेल तर उघडी बाजू फुगते, झाकलेली फुगत नाही आणि पत्ता पापडासारखा वळतो. पटाचेही हेच होते. जुलैत एका खेळाचा पट मी उघडला तेव्हा त्याचे चारही कोपरे अर्धा बोट वर उचललेले होते आणि मध्ये ठेवलेली लाकडी सोंगटी आपण होऊन डुलत होती. उलट बाजूने वजन ठेवून तो दोन दिवसांत बराचसा सरळ झाला, हेही मी माझ्या परीक्षणात लिहिले, कारण विकत घेणाऱ्याला दोषाइतकाच उपायही उपयोगी पडतो.

आपण हे खेळ टेबलावर क्वचितच खेळतो, हे इंग्रजी परीक्षकाच्या ध्यानीमनीही नसते. सतरंजी पसरायची, मध्ये पट, भोवती मांडी घालून पाच जण, एका हाताला भडंगाची ताटली आणि डोक्यावर पंखा. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणण्याची कुणाची टाप नसते, आणि कागदी नोटा असलेल्या एका खेळात आमची सगळी बँक एकदा सोफ्याखाली गेली. भडंगाच्या तेलाची नि तिखटाची बोटे लागून पत्त्यांची कड महिन्याभरात केशरी होते. म्हणून पत्त्यांचे माप मोजून लिहावे, म्हणजे वाचकाला त्यांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटे नेमकी मागवता येतील.

रंगांबाबत एक अनुभव सांगतो. माझ्या थोरल्या साडूंना तांबडा आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. एका खेळात (नाव घेत नाही) ते तीन फेऱ्या माझ्याच सोंगट्या हलवत होते आणि मी ती त्यांची चलाखी समजत होतो. अ‍ॅलन मून यांच्या 'टिकेट टू राइड' या रेल्वेमार्गांच्या खेळात आठ रंगांच्या डब्यांचे पत्ते आहेत, पण प्रत्येक रंगाच्या पत्त्यावर निराळे चिन्ह आहे आणि तेच चिन्ह पटावरच्या मार्गावरही छापलेले आहे, त्यामुळे साडू तिथे कुणाला न विचारता खेळतात आणि बहुधा जिंकतातही.

भाषेचे ओझे मात्र मराठी परीक्षकानेच सांगायला हवे. 'कार्कासोन' आणि 'अझुल' यांच्या तुकड्यांवर वाचण्यासारखे काही नाही. नियम एकदा मराठीत समजावले की आईही खेळायला बसते. 'विंगस्पॅन' या पक्ष्यांच्या खेळातले 170 पक्ष्यांचे पत्ते फार देखणे आहेत आणि त्यातली 75 चिमुकली अंडी पाहून लहान मुले आपण होऊन जवळ येतात, पण बहुतेक पत्त्यांचे काम इंग्रजी वाक्यात लिहिलेले असल्याने आमच्या घरी तो तिघांचाच खेळ राहिला आहे. हा खेळाचा दोष म्हणता येणार नाही, तरी घेणाऱ्याला आधी कळलेला बरा.

बाहुल्या, खोक्यातले कप्पे, जादा दिलेल्या सोंगट्या यांवर एकेक वाक्य पुरे. कप्प्यांबद्दल एवढेच पाहावे की पत्त्यांना पाकिटे घातल्यावर ते त्यांत बसतात का.

फोटो काढाल तो खोका उघडतानाचा काढू नका. दहा-बारा डावांनंतर सर्वांत जास्त हाताळलेला पत्ता आणि कडा झिजलेला तुकडा निवडा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा आणि खिडकीच्या उजेडात जवळून काढा.