हरकत लेखी दे

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोळी कोळशाच्या वीजकेंद्राचा विस्तार व्हायचाय, जनसुनावणी लागलीय, आणि ऐरोलीत राहणाऱ्या मुलीने तिथे काय बोलायचं, असं तू विचारलंस. जरूर बोल. आपल्याकडे महावितरणची वीज येते, आणि तिच्यातला मोठा वाटा विदर्भातल्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांचा आहे. एकट्या चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं. वीज इकडे येते, राख तिकडेच राहते. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते, म्हणजे तीन वाघिणी कोळसा जाळला की एक वाघीण राखच उरते. राखेच्या तलावाचा बांध फुटला की काय होतं, ते जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी भोगलंय.

डहाणूचं मुद्दाम सांगते, कारण तेव्हा तो तालुका आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. ५०० मेगावॉटच्या केंद्राविरुद्ध तिथली माणसं कोर्टात गेली. चिकूच्या बागांची काळजी होती, समुद्राची होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकल्प काही अडला नाही. पण त्याच साली डहाणू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, आणि १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणावर लक्ष ठेवायला खास प्राधिकरण नेमलं गेलं. लोकांनी धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्रणेची, एफजीडीची, मागणी सोडली नाही. केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं, यंत्रणा बसली २००७ मध्ये. हरलेल्या खटल्यानंतर इतकी वर्षं तारखांना हजर राहणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

म्हणून ‘प्रकल्प नको’ हे ठामपणे म्हण, पण तेवढ्यावर थांबू नकोस. मंजुरी मिळालीच तर कोणत्या अटींवर, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे कोण बघणार, हेही लेखी माग. गंधकाचा वायू चिमणीबाहेर पडला की हवेत त्याचे बारीक कण बनतात, वाऱ्यावर लांबवर जातात, फुप्फुसात खोल उतरतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये यावर मर्यादा घातल्या, मुदती वाढवत नेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधकाच्या अटीतून मोकळंच केलं. याची मला चीड येते. तुलाही येऊ दे, फक्त माईकसमोर ती मुद्द्यांत उतरव.

सुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, प्रदूषण मंडळाकडे बघायला मिळाला पाहिजे. तो वाच, आणि आधी हवेचे नमुने कुठे घेतले ते बघ. बहुतेकदा एकाच हंगामाची मोजमापं असतात. वारा ज्या गावाकडे वाहतो तिथे यंत्र होतं का? नसेल तर तुझा पहिला प्रश्न तोच. लेखी हरकतीची पोच शिक्क्यासह घे. सभेचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं, तोवर उठू नकोस. मंडप अर्धा रिकामा होतो, आणि नेमकं तेव्हाच बोललेलं गाळलं गेलं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

आरोग्याबद्दल बोलताना मोठे आकडे फेकू नकोस. मामीला सांग, गल्लीतल्या बायकांनी एक वही घालावी: तारीख, वारा कुठून, गच्चीवरच्या सांडग्यांवर राख बसली का, कुणाच्या पोराला दम लागला, दवाखान्याचा कागद आहे का. कागद नसेल तर तसंच लिहावं. अशी चार महिन्यांची वही समोर ठेवली की अधिकाऱ्याला तिला उत्तर द्यावं लागतं. ‘हजारो मरतात’ म्हटलं की तो मान डोलावून पुढच्याला बोलावतो.

केंद्रात कंत्राटावर जाणारी पोरं गावातलीच आहेत. त्यांना गद्दार म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. राखेत सगळ्यात जास्त तीच असतात, त्यांच्या तपासण्यांची मागणी तुझ्या हरकतीत घाल.

रविवारी सारांश आणि तालुक्याचा नकाशा घेऊन ये. दुपारचं जेवण इथेच कर, मग हरकतीचा मसुदा बसून लिहू.

तुझी,
मावशी